सूक्ष्मजीवांची विविधता: आधी प्रश्न, मग नावं

पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्रात सूक्ष्मजीवांचं प्रकरण आलं की वह्यांमध्ये नावांच्या याद्या सुरू होतात. स्टॅफिलोकॉकस, रायझोबियम, नॉस्टॉक, हॅलोबॅक्टेरियम, पेनिसिलियम आणि प्रत्येकासमोर एका ओळीत ‘महत्त्व’. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत यादी वाढत जाते आणि पेपर झाल्यावर आठवडाभरात डोक्यातून जाते. मी हा विषय शिकवते, प्रात्यक्षिकं घेते, उत्तरपत्रिका तपासते. कष्टाळू मुलांचे गुण नेमके याच प्रकरणात जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांची मेहनत कमी पडलेली नसते. ती चुकीच्या जागी लागलेली असते.

प्राण्यांची विविधता डोळ्यांना दिसते. वाघ, गांडूळ आणि फुलपाखरू यांत गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही. पण पोटापाण्याचं बघितलं तर तिघंही एकाच वाटेचे: तयार सेंद्रिय अन्न खायचं आणि ऑक्सिजन घेऊन ते जाळायचं. सूक्ष्मजीवांचं बरोबर उलटं आहे. मायक्रोस्कोपखाली कितीतरी जातींचे जिवाणू सारख्याच बारीक दांड्या किंवा गोळ्या दिसतात. पण त्यातला एक अमोनियावर जगतो, दुसरा लोहावर, तिसरा उजेडावर आणि चौथा ऑक्सिजनच्या जागी सल्फेट वापरून श्वसन करतो. त्यांची विविधता मुख्यतः रसायनात आहे, आणि अभ्यासही तिथूनच सुरू करावा असं माझं ठाम मत आहे.

चार प्रश्न

वहीच्या पहिल्या पानावर हे चार प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा. एक, बांधणी कशी आहे? म्हणजे केंद्रक आहे का, पेशीभित्तिका कशाची आहे. दोन, ऊर्जा कुठून मिळते? उजेडातून, की रासायनिक अभिक्रियेतून. तीन, कार्बन कुठून मिळतो? कार्बन डायऑक्साइडमधून, की तयार सेंद्रिय पदार्थांतून. चार, इलेक्ट्रॉन कुणाकडून घेतो आणि शेवटी कुणाला देतो? चौथा प्रश्न सुरुवातीला अवघड वाटतो. तो सोडू नका, कारण ऑक्सिजनशी असलेलं नातं त्यातच कळतं.

एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, नायट्रोसोमोनास नायट्रिफिकेशन करतो हे पाठ आहे. पण तो हे करतोच कशाला?” मी त्या दिवसाचा तास बाजूला ठेवला आणि तिला फळ्यापाशी बोलावून हे चार प्रश्न नायट्रोसोमोनासलाच विचारायला लावले. बांधणी: ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू (म्हणजे पातळ भिंतीचा, याबद्दल पुढे येईलच). ऊर्जा: अमोनियाचं नायट्राइटमध्ये ऑक्सिडीकरण करून, हीच नायट्रिफिकेशनची पहिली पायरी. कार्बन: कार्बन डायऑक्साइडमधून. इलेक्ट्रॉन: अमोनियाकडून घेतले, ऑक्सिजनला दिले. मग तिनंच पुढचं सांगितलं. मातीत पाणी तुंबलं तर ऑक्सिजन संपणार आणि नायट्रिफिकेशन थांबणार. अंधारात मात्र त्याचं काही अडणार नाही, कारण ऊर्जा उजेडाची नाहीच. या दोन्ही गोष्टी तिच्या नोट्समध्ये नव्हत्या. चार उत्तरांवरून त्या आपोआप निघाल्या. आणि ‘कशाला करतो’ याचं उत्तरही मिळालं: अमोनिया हेच त्याचं इंधन आहे. झाडांना नायट्रोजन मिळावा म्हणून तो राबत नाही.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं एकमेकांसमोर ठेवली की चार खणांचा तक्ता तयार होतो. उजेड आणि कार्बन डायऑक्साइड या खणात ॲनाबीनासारखे सायनोबॅक्टेरिया. उजेड आणि सेंद्रिय कार्बन या खणात ऱ्होडोस्पिरिलमसारखे जांभळे गंधकेतर जिवाणू. रासायनिक ऊर्जा आणि कार्बन डायऑक्साइड यात नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर. रासायनिक ऊर्जा आणि सेंद्रिय कार्बन यात ई. कोलाय, बुरश्या आणि आपण स्वतः. प्रत्येक खणात सुरुवातीला एकच प्रतिनिधी ठेवा आणि तो पक्का करा. एका खणात सहा नावं कोंबली की सहाही निसटतात.

झाड कोऱ्या कागदावर काढा

वर्गीकरणाचा सांगाडा डोक्यात नसेल तर नवीन नाव टांगायला जागाच मिळत नाही. म्हणून रोज अभ्यासाला बसताना कोऱ्या कागदावर, पुस्तक न उघडता, तीन फांद्यांचं झाड काढा: जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेले) सजीव. आर्किया आणि दृश्यकेंद्रकी यांच्या फांद्या एकमेकींच्या जवळ, जिवाणूंची लांब. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आर्कियाला केंद्रक नसतं, म्हणून मुलं त्यांना जिवाणूंशेजारी नेऊन बसवतात.

अनेक पुस्तकांत व्हिटेकर यांची १९६९ची पाच सृष्टींची पद्धत आणि तीन अधिक्षेत्रांची (म्हणजे वरच्या तीन फांद्यांची) पद्धत अशा दोन्ही येतात. त्या आलटून पालटून पाठ करू नका, कालक्रमानं समजून घ्या. पाच सृष्टींत केंद्रक नसलेले सगळे मोनेरामध्ये एकत्र होते. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली आणि मिथेन तयार करणारे काही सूक्ष्मजीव बाकीच्या जिवाणूंपासून फार दूरचे निघाले. त्यांनाच पुढे आर्किया म्हटलं गेलं, आणि १९९० मध्ये तीन अधिक्षेत्रांची मांडणी आली. रायबोसोमचाच आरएनए का निवडला? कारण रायबोसोम प्रत्येक पेशीत असतो, सगळीकडे एकच काम करतो आणि त्याच्या आरएनएचे काही भाग इतके सावकाश बदलतात की फार दूरच्या नातेवाइकांचीही तुलना करता येते. हे कारण उत्तरात लिहिणारा विद्यार्थी चटकन उठून दिसतो.

झाडावर एक बाण जिवाणूंच्या फांदीकडून दृश्यकेंद्रकींकडे काढा आणि त्यावर ‘मायटोकाँड्रिया’ लिहा. सायनोबॅक्टेरियांपासून शैवालांकडे जाणारा दुसरा बाण, त्यावर ‘हरितलवक’. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरकसपणे मांडलेली ही अंतःसहजीवनाची कल्पना आहे: एक पेशी दुसरीच्या आत राहू लागली आणि तिचं अंगक झाली. दोन्ही अंगकांना स्वतःचा डीएनए असतो आणि जिवाणूंसारखे रायबोसोम असतात, हे पुरावे बाणाशेजारीच लिहून ठेवा.

ग्रॅम स्टेनिंग रंगपेन्सिलींनी शिका

या प्रकरणातला एखादाच भाग खोलात जाऊन करायचा असेल तर हा करा. हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली, जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची ही पद्धत अजून प्रयोगशाळेत रोज वापरली जाते. मुलं ती ‘व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन’ अशी पाठ करतात आणि विचारलं की गप्प होतात.

कागदावर दोन पेशी शेजारी काढा. डावी ग्रॅम पॉझिटिव्ह, तिला पेप्टिडोग्लायकनची (जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचं मुख्य द्रव्य) जाड भिंत. उजवी ग्रॅम निगेटिव्ह, तिला त्याचाच पातळ थर आणि त्याबाहेर आणखी एक पटल. आता एकेक पायरी घ्या आणि प्रत्येक पायरीला दोन्ही पेशी पुन्हा काढून रंगवा. क्रिस्टल व्हायोलेट टाकल्यावर दोन्ही जांभळ्या. आयोडीन टाकल्यावरही दोन्ही जांभळ्याच, पण आता आत रंजक आणि आयोडीन यांचा मोठा संयोग तयार झालेला आहे, तो ठिपक्यांनी दाखवा. मग अल्कोहोल, आणि सगळी गंमत इथे आहे. जाड भिंतीतलं पाणी निघून जातं, भिंत आवळते, संयोग आत अडकतो. उजव्या पेशीचं बाहेरचं पटल मेदाचं असल्यानं विस्कटतं आणि आतला पातळ थर रंग धरून ठेवू शकत नाही. उजवी पेशी रंगहीन होते. शेवटी सॅफ्रानिन तिला गुलाबी करतं. डावीत तेही शिरतं, पण जांभळ्यापुढे दिसत नाही.

चित्रं झाली की पुस्तक मिटा आणि स्वतःला बिघाडाचे प्रश्न विचारा. आयोडीन विसरलं तर? रंजक सहज धुऊन जाईल आणि ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीही गुलाबी दिसू शकतील. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर? तेच होईल. कमी वेळ राहिलं तर? ग्रॅम निगेटिव्ह पेशी जांभळ्या राहतील. सॅफ्रानिन टाकलंच नाही तर? ग्रॅम निगेटिव्ह पेशी जवळजवळ दिसणारच नाहीत. जिवाणूंचं कल्चर जुनं असेल तर? भिंती कमजोर होतात, म्हणून ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूसुद्धा गुलाबी दिसू शकतो. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत मी हेच विचारते, आणि ज्यानं रंगपेन्सिल हातात घेतलेली असते त्याला उत्तर शोधावं लागत नाही.

पुढे दोन अपवाद जोडा. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे भिंत बांधण्यात अडथळा आणणारं पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. मायकोबॅक्टेरियमच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, त्यात ग्रॅमचे रंग नीट शिरत नाहीत, म्हणून क्षयरोगाच्या जिवाणूसाठी ॲसिड-फास्ट स्टेनिंग वेगळं करावं लागतं.

एका बाटलीत सगळं प्रकरण

शक्य असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच विनोग्राड्स्की स्तंभ लावा. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८८०च्या दशकात गंधक जिवाणूंवर काम करताना, असेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणातून सजीव ऊर्जा मिळवू शकतात हे दाखवलं. त्यांच्या नावाचा हा प्रयोग घरच्या खिडकीत होतो.

उंच पारदर्शक बाटली घ्या. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठचा चिखल आणा, खडे आणि काड्या काढून टाका. त्यातल्या थोड्या चिखलात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, थोडं जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या खडूची पूड मिसळा. कागद सेल्युलोजसाठी, जिप्सम सल्फेटसाठी, खडू कार्बोनेटसाठी. हे मिश्रण तळाशी दाबून भरा, हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. वर साधा चिखल आणि त्यावर तिथलंच पाणी, वर थोडी जागा मोकळी. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतात. बाटली भरपूर उजेड येईल पण कडक ऊन पडणार नाही अशा जागी ठेवा आणि हलवू नका. चिखल हाताळल्यावर हात साबणानं धुवा. कुजकट वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो, म्हणून खोली हवेशीर हवी.

काही आठवडे काहीच होत नाहीसं वाटतं. मग तळाशी काळपट डाग दिसतात आणि वाढत जातात. तो काळा रंग आयर्न सल्फाइडचा. क्लोस्ट्रिडियमसारखे जिवाणू कागदाचं सेल्युलोज फोडतात, त्यातून निघालेली सेंद्रिय आम्लं डेसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू वापरतात आणि इलेक्ट्रॉन सल्फेटला देतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनतो आणि वर झिरपतो. त्याच्या वरच्या भागात, उजेडाच्या बाजूला, हिरवट आणि जांभळे पट्टे उमटू लागतात: हायड्रोजन सल्फाइड जास्त सोसणारे हिरवे गंधक जिवाणू खाली, जांभळे त्यांच्या वर. हे प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइडकडून इलेक्ट्रॉन घेतात, त्यामुळे ऑक्सिजन बाहेर पडत नाही. त्यांच्याही वर गंजासारख्या रंगाचे गंधकेतर जिवाणू, आणि अगदी वर पाण्यात सायनोबॅक्टेरिया आणि शैवाल. पट्टे पुस्तकातल्या आकृतीइतके रेखीव येत नाहीत, एकमेकांत मिसळतात. त्यानं नाउमेद होऊ नका.

दर आठवड्याला बाटलीचं चित्र काढा, रंग भरा आणि प्रत्येक पट्ट्यासमोर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. सत्र संपेपर्यंत चार खणांचा तक्ता, गंधकाचं चक्र आणि ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार होणारी जिवाणूंची वाटणी हे तिन्ही धडे त्या एका चित्रमालिकेत आलेले असतात. इतकं देणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

हमखास गोंधळाच्या जागा

यांसाठी वहीत वेगळं पान ठेवा आणि फरकाचं कारण एका वाक्यात लिहा.

आर्किया म्हणजे फक्त गरम झरे आणि खारट तळी, असं नाही. समुद्रात, मातीत, प्राण्यांच्या आतड्यांतही ते असतात. आणि गरम झऱ्यातला प्रत्येक जीव आर्किया नसतो. पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) वापरला जाणारा टॅक पॉलिमरेज हा एंझाइम ज्याच्यापासून मिळाला तो थर्मस ॲक्वाटिकस यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला, पण जिवाणू.

सायनोबॅक्टेरियांना नीलहरित शैवाल म्हणत आले तरी ते जिवाणू आहेत. केंद्रक नाही आणि भिंतीत पेप्टिडोग्लायकन आहे.

एंडोस्पोर (प्रतिकूल काळात तग धरणारं जिवाणूचं टणक रूप) हे प्रजनन नव्हे. बॅसिलस किंवा क्लोस्ट्रिडियमच्या एका पेशीत एकच एंडोस्पोर बनतो आणि त्यातून एकच पेशी उगवते, संख्या वाढत नाही. बुरशीचे बीजाणू मात्र संख्या वाढवण्यासाठीच असतात.

बटाट्याचा करपा आणणारा फायटोफ्थोरा बुरशीसारखा दिसतो, पण त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं. खऱ्या बुरशीची भिंत कायटिनची. १८४०च्या दशकातल्या आयर्लंडच्या दुष्काळामागे हाच जीव होता.

विषाणूंना चार प्रश्न लागू होत नाहीत, कारण त्यांना स्वतःचं चयापचयच नाही. झाडावरही त्यांना फांदी देऊ नका. त्यांच्यासाठी एकच प्रश्न: याच्या जनुकीय द्रव्यापासून संदेशवाहक आरएनए कसा बनतो? डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये मांडलेलं वर्गीकरण या प्रश्नावर उभं आहे.

आठवण ताजी ठेवायची रीत

नोट्स पुन्हा पुन्हा वाचल्या की सगळं येतं असं वाटतं, आणि ते वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं त्यांना जास्त लक्षात राहिलं होतं. तेव्हा पुस्तक मिटून लिहिण्याला जास्तीत जास्त वेळ द्या.

कार्ड करायची असतील तर एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला महत्त्व अशी करू नका. एका बाजूला परिस्थिती लिहा: ‘अंधार, ऑक्सिजन नाही, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड आहे. इथे कोण जगेल आणि काय बाहेर टाकेल?’ मागे: ‘मिथेनोबॅक्टेरियम, आर्किया, मिथेन.’ किंवा: ‘नायट्रोजन स्थिर करणाऱ्या एंझाइमला ऑक्सिजन चालत नाही, आणि हा जीव स्वतःच ऑक्सिजन सोडतो. मार्ग काय?’ मागे: ‘ॲनाबीना, हेटरोसिस्ट, जाड भिंतीची वेगळी पेशी, ऑक्सिजन सोडणारी यंत्रणा बंद.’ कार्डं पिसून घ्या. सगळे जिवाणू एका दमात, मग सगळ्या बुरश्या, असं केलं की उत्तर गठ्ठ्यावरूनच कळतं.

नावं लिहिण्याचा नियमही विसरू नका: प्रजातीचं (जीनस) पहिलं अक्षर मोठं, जातीचं (स्पीशीज) लहान, हातानं लिहिताना दोन्ही अधोरेखित. हे गुण उगाच जातात.

सरावाच्या शेवटी एक अनोळखी जीव घ्या आणि तो परीक्षेत आला आहे असं समजा. माझ्या वर्गात मी थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस देते. माहिती एवढीच: १९९९ मध्ये वर्णन झालं, नामिबियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाच्या गाळात सापडतो, केंद्रक नाही, पेशी पाऊण मिलिमीटरपर्यंत मोठी, आत गंधकाचे चमकदार कण आणि नायट्रेटनं भरलेली एक मोठी पोकळी. आता मुलांनी बोलायचं. गंधकाचे कण आहेत म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण, ऊर्जा तिथून. नायट्रेट साठवलं आहे म्हणजे इलेक्ट्रॉन त्याला द्यायचे, कारण गाळात ऑक्सिजन नसतोच. मग वर्गातून कुणीतरी विचारतंच, ‘एवढा मोठा जिवाणू आत पदार्थ पोचवतो कसा?’ त्याचं उत्तर त्या पोकळीतच आहे. पेशीचा बहुतेक भाग तिनंच व्यापलेला असतो, जिवंत द्रव्य कडेला पातळ थरात असतं, त्यामुळे पदार्थांना आत फार लांब जावंच लागत नाही.